रोझरी म्हणता का, टीचर?

आदरणीय ताई,

मी वसईतल्या एका धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या पॅरिशमध्ये, नऊ वर्षं सातवीचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. एम.ए., बी.एड. आहे, अंधेरीच्या एका शाळेत नोकरी करते. सहा दिवस विरार लोकल आणि रविवारी सकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) वर्ग. यंदा नवीन फादरांनी जाहीर केलं की सगळ्या धर्मशिक्षकांनी सहा रविवारी दुपारी प्रशिक्षणाला यायचं आणि नंतर तीन दिवसांची निवासी तपसाधना करायची. मला रागच आला. बी.एड. झालेल्या बाईला शिकवायचं कसं हे आता कोण शिकवणार? मागच्या शिबिरात दिवसभर स्लाइड्स बघितल्या, बिर्याणी खाल्ली आणि सर्टिफिकेट घेऊन घरी आलो. नवरा म्हणतो, उरलेला रविवारही चर्चला दिलास तर घरी कधी दिसणार?

पण मनाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. जपमाळेचा पाठ चालू असताना एका मुलाने विचारलं, "टीचर, तुम्ही रोज रोझरी म्हणता का?" मी म्हटलं, "आधी वही काढ." ताई, मी म्हणत नाही. मिस्सात बसले तरी डोक्यात पोरांची हजेरी चालू असते. बायबल उघडते ते पाठाच्या तयारीसाठी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, अशी माझी गत. वर्ग सोडून द्यावा का? आणि सोडायचा नसेल तर वाचू काय, हेही सांगा.

– एक धर्मशिक्षिका, वसई

प्रिय भगिनी,

आधी त्या मुलाचं बघू. प्रशिक्षणाला अजून अवकाश आहे. तो मात्र येत्या रविवारी पुन्हा तुमच्या पुढ्यात बसणार आहे.

त्याने तुम्हाला पकडायला विचारलेलं नाही. बारा-तेरा वर्षांचं पोर घरात आजीच्या हातात माळ बघतं आणि आईबापांच्या हातात मोबाईल. नोकरी करणारी, लोकलने जाणारी, अजून आजी न झालेली बाई हे खरंच करते का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. तेव्हा वर्ग सुरू होताच सांगून टाका, "त्या दिवशी तू विचारलंस आणि मी टाळलं. रोज नाही म्हणत मी. ऑक्टोबरात घरोघरी होते तेव्हा म्हणते, एरवी राहून जातं." पुढचं काही ठरवलं असेल तर तेही सांगा. दिवसाला माळेचं एक दशक, म्हणजे दहा मणी, म्हणणार असाल तर एक दशक. ठरवलं नसेल तर उगाच शब्द देऊ नका, पोरं असल्या गोष्टी पक्क्या लक्षात ठेवतात. आणि या कबुलीचं प्रवचन करू नका. दोन वाक्यं बोला आणि मग खुशाल वह्या काढायला सांगा.

आता तुमचा राग. त्यातला निम्मा रास्त आहे. वक्ता बाहेरून येतो, स्लाइडवरचं वाचून दाखवतो, तुमच्या वर्गात काय घडतं ते त्याला कुणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. जेवणानंतर मागच्या दोन रांगा पेंगतात, शेवटी ग्रुप फोटो. याला प्रशिक्षण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याबद्दल तक्रार करायचा तुम्हाला अधिकार आहे, आणि तो मी माझ्या पदरचा देत नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतलं ७८० वं कलम बिशपांना उद्देशून आहे. धर्मशिक्षकांची नीट तयारी करून घ्या, त्यांचं शिक्षण पुढेही चालू राहील असं बघा, त्यांना ख्रिस्तसभेची शिकवण समजली पाहिजे आणि शिकवण्याची रीत पुस्तकातून तसंच प्रत्यक्षातही आली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे हे प्रशिक्षण तुमच्यावर बसवलेला दंड नाही, तुमचं येणं आहे. येणं कुणी सोडून देतं का? मागून घ्यायचं, आणि खोटं नाणं हातावर ठेवलं तर परत करायचं.

उरलेला निम्मा राग बी.एड.चा आहे, तो मला पटला नाही. व्हॅटिकनने २०२० साली धर्मशिक्षणाची नवी मार्गदर्शिका काढली. १९७१ आणि १९९७ नंतरची ही तिसरी. तिच्यात धर्मशिक्षकाच्या घडणीवर एक अख्खं प्रकरण आहे आणि त्यातला क्रम बघण्यासारखा आहे. आधी तो माणूस म्हणून, श्रद्धावंत म्हणून कसा आहे आणि इतरांबरोबर कसा राहतो; मग त्याला काय ठाऊक आहे; आणि शेवटी त्याला काय करता येतं. बी.एड.ने तुम्हाला तिसरं दिलं, आणि चांगलं दिलं असणार. नऊ वर्षं सातवीचा वर्ग सांभाळणं येरागबाळ्याचं काम नाही. पण त्या मुलाने तुम्हाला अडवलं ते तिसऱ्या मुद्द्यावर नव्हे. तुमच्या पत्रातली कळही पहिल्याच मुद्द्याची आहे. पाठाचं टाचण कसं काढू, असं तुम्ही मला विचारलेलंच नाही.

मधल्या मुद्द्याचंही एक उदाहरण देते, कारण तिथे भलेभले घसरतात. आपल्या मुलांच्या शाळेत, ट्युशनमध्ये, फुटबॉलच्या टीममध्ये निम्म्याहून अधिक मित्र हिंदू, मुसलमान असतात. कधी ना कधी एखादी मुलगी विचारतेच, "टीचर, माझी मैत्रीण बाप्तिस्मा न घेता मेली तर ती नरकात जाणार?" काही जण लहानपणी ऐकलेलं 'हो' ठोकून देतात. काही जण सगळे धर्म सारखेच म्हणून विषय गुंडाळतात. दोन्ही उत्तरं ख्रिस्तसभेची नव्हेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, सोळाव्या परिच्छेदात, स्पष्ट लिहिलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताचं शुभवर्तमान कळलेलं नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि त्याच्या कृपेने सद्सद्विवेकबुद्धीप्रमाणे वागायची धडपड करतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. पुढच्याच वर्षी इतर धर्मांविषयीच्या घोषणेत परिषद म्हणाली की त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही. आणि त्याच दमात हेही की ख्रिस्त हाच मार्ग, सत्य आणि जीवन आहे ही घोषणा ती थांबवू शकत नाही. हे दोन्ही एकत्र धरून, सातवीला कळेल अशा चार वाक्यांत बसवायला सराव लागतो. सहापैकी एक दुपार निव्वळ अशा प्रश्नांना दिली तरी सार्थकी लागेल. फादरांना जाऊन हेच सुचवा. गेल्या दोन-तीन वर्षांत मुलांनी विचारलेले आणि तुम्हाला न सुटलेले प्रश्न एका कागदावर उतरवा, बाकीच्या शिक्षकांकडूनही घ्या आणि वक्त्याला आठ दिवस आधी पोचवा. प्रश्न हातात आल्यावर त्याला स्लाइड्सच्या आडोशाला बसता येणार नाही.

आणखी एक. तुमच्या शेजारचा वर्ग कोण घेतं? बहुतेक ठिकाणी असतं तसं असेल तर नुकतंच दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) झालेली अकरावी-बारावीची मुलगी. तिला बी.एड. तर सोडाच, एखादं पोर रडायला लागलं तर काय करायचं हेही कुणी सांगितलेलं नाही. शाळेमुळे तुम्हाला २०१२ चा पॉक्सो कायदा माहीत आहे. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आपापसांत मिटवायचं नाही, हे तिच्या कानांवरही गेलेलं नसेल. प्रशिक्षणात तुम्ही फक्त घ्यायला जाणार नाही आहात, ताई. तुमच्यासारखी बाई रागावून घरी बसली तर त्या मुलीला कोण सांगणार?

आता मूळ दुखणं. तुम्हाला वाटतंय की असा कोरडेपणा तुमच्याच वाट्याला आलाय. साधारण इसवी सन ४०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या एका डीकनने (धर्मगुरूच्या खालच्या पायरीच्या दीक्षित सेवकाने) असंच पत्र लिहिलं होतं. श्रद्धेची पहिली ओळख करून घ्यायला येणाऱ्यांना शिकवणं हे त्याचं काम. त्यात तो चांगला, म्हणून लोक त्याच्याकडेच पाठवायचे. त्याची तक्रार अशी की बोलता बोलता माझं बोलणं मलाच कंटाळवाणं, बेचव वाटायला लागतं. पत्र पोचलं हिप्पोच्या बिशपांकडे, संत ऑगस्टीन यांच्याकडे. त्यांनी उत्तरादाखल पुस्तकच लिहून पाठवलं. (सदर चालवणारीने इथे गप्प बसावं हे बरं.)

त्या उत्तरात ऑगस्टीन आधी सांगतात की माझं बोलणं मलाही बहुतेक वेळा आवडत नाही. मग शिकवणारा का कंटाळतो याची कारणं एकेक करून घेतात. मनात उमटलेलं नेमकं शब्दांत येत नाही. बोलण्यापेक्षा चांगलं काही वाचावं-ऐकावं असं वाटतं. समोरचा ढिम्म असतो. हातातलं दुसरं काम सोडून यावं लागलेलं असतं. कधी स्वतःच्याच चुकीने किंवा आसपासच्या एखाद्या लाजिरवाण्या प्रकाराने मन खट्टू झालेलं असतं. आणि एक कारण तुम्हा नऊ वर्षंवाल्यांचं खास: तेच ते बाळबोध धडे पुन्हा पुन्हा गिरवून जीव विटतो. यावर ते म्हणतात, आपल्या गावातली देखणी ठिकाणं आपण रोज न बघता ओलांडतो, पण पहिल्यांदा आलेल्या जिवलगाला ती दाखवताना आपल्यालाही ती नवी वाटतात. शिकणाऱ्यावर तसा जीव जडला तर जुना धडाही नवा होतो. पाहुण्याला वसईचा किल्ला दाखवायला नेलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको.

मला त्यातली अगदी व्यवहाराची सूचना जास्त आवडते. ऐकणारा जांभया द्यायला लागला तर काहीतरी गमतीचं बोला, आणि उभा राहून दमला असेल तर त्याला बसायला द्या! त्या काळी तिकडे लोक उभ्याने ऐकत. श्रद्धेवर एवढं लिहिलेल्या माणसाला खुर्चीही सुचली. तुमच्या मुलांनी तासभर मिस्सा केलेला असतो आणि त्यातली अर्धी न्याहारी न करता आलेली असतात. वर्गाआधी दहा मिनिटं त्यांना बिस्किटं खाऊ द्या. हेही प्रशिक्षणात सांगितलं पाहिजे, सांगत मात्र कुणी नाही.

आता तुमच्यासाठी. पाठाचं बायबल आणि स्वतःचं बायबल वेगळं करा. अक्षरशः दोन प्रती ठेवा. एकीत रेघोट्या, खुणा, चिठ्ठ्या काय हवं ते. दुसरीत पेन नाही. येत्या रविवारचं शुभवर्तमान सोमवारीच काढा आणि आठवडाभर तेवढाच उतारा वाचा. मठांमधून चालत आलेली दिव्यवाचनाची पद्धत हीच: वाचायचं, एखाद्या ओळीवर थांबायचं, तिच्यावरून देवाशी बोलायचं, मग गप्प राहायचं. 'हे मुलांना कसं सांगू' असा विचार आला की ओळखायचं, टीचर जागी झाली. तिला रविवारपर्यंत रजा द्या.

वेळ कुठून आणू म्हणाल. आपल्या विरार लोकलमध्ये वर्षानुवर्षं भजनी मंडळं चालली. टाळ वाजवत, कोपराला कोपर लावून, मीरा रोड ते दादर. बसायला जागा मिळाल्यावर भक्ती करू, असं त्यांच्यातलं कुणी म्हणालं नाही. तुम्ही लेडीज डब्यात उभ्या राहून एक दशक म्हणू शकता, आणि बोटांवर मोजलंत तरी चालतं.

याच्या पुढचं म्हणजे कुणाशी तरी नियमित बोलणं. पापनिवेदन झालंच पाहिजे, पण आध्यात्मिक मार्गदर्शन ही वेगळी गोष्ट आहे. महिन्या-दोन महिन्यांनी तासभर, एकाच व्यक्तीशी. ती व्यक्ती धर्मगुरूच असावी असं नाही, एखाद्या अनुभवी सिस्टर किंवा प्रापंचिक बाईही चालतील. फक्त तुमच्या धर्मग्रामाचे फादर नकोत असं माझं मत. वर्गाच्या कामात ते तुमचे वरिष्ठ आहेत, आणि वरिष्ठांपुढे माणूस कोरडेपणा कबूल करत नाही, अहवाल देतो.

तीन दिवसांच्या निवासी तपसाधनेला जाऊन या. मौन असेल तर उत्तमच. बडबडीची असेल तर तीन दिवसांची आणखी एक सभा होईल, हे फादरांना आधीच विचारून घ्या. आणि घर सोडून जाणं खरंच जमत नसेल तर दुसरी वाट आहे. संत इग्नाती लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेत, एकोणिसाव्या सूचनेत, कामाधंद्याच्या माणसांची सोय करून ठेवलेली आहे. घरी राहून रोज ठरावीक वेळ प्रार्थना, अधूनमधून मार्गदर्शकाची भेट, असं करत ती साधना काही महिन्यांत पूर्ण करता येते. इग्नातींच्या संघाच्या, म्हणजे जेझुइट, फादरांकडे चौकशी करा.

मागे उरतात ते बाकीचे दहा-अकरा महिने. तपसाधनेहून आलेला उत्साह ऑगस्टपर्यंत टिकतो, मग नाताळच्या नाटकाची धावपळ सुरू होते. तुमची धर्मशिक्षकांची मासिक सभा होते ना? तिथे पिकनिक, गणवेश आणि स्पर्धांची बक्षिसं याखेरीज काय होतं? पहिली वीस मिनिटं मागून घ्या. शुभवर्तमान वाचायचं, पाच मिनिटं शांत बसायचं, मग ज्याला बोलावंसं वाटेल त्याने बोलायचं. दुसऱ्याच्या बोलण्यावर टीका नाही, दुरुस्ती नाही. सुरुवातीला सगळे घड्याळाकडे बघतील. बघू द्या. माझ्या मते सहा रविवारांपेक्षा या वीस मिनिटांनी माणसं जास्त घडतात, कारण ती दर महिन्याला होतात आणि त्यात सर्टिफिकेट नसतं.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मी बाजूला सारणार नाही. त्याच कायदेसंहितेचं ७७४ वं कलम सांगतं की मुलांना श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी सगळ्यांच्या आधी आईवडिलांची. तुमचीही मुलं असतील, तर दुसऱ्यांच्या मुलांना धर्म शिकवताना घरची वाऱ्यावर सोडा असं ख्रिस्तसभा म्हणत नाही. तेव्हा ते सहा रविवार द्यायचे तर चर्चमधलंच दुसरं काहीतरी खाली ठेवा. गायकवृंदात आहात? फेस्ताच्या कमिटीत आहात? जे सहज सुटेल ते वर्षभरापुरतं सोडा. आणि वर्गाला जोडीदार मागा. दोघं असली की एकाला महिन्यातून एखादा रविवार मिळतो, आणि मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही वर्गात दोन मोठी माणसं असणं कधीही बरं.

मग सोडायचा का वर्ग? आत्ता, मध्येच, नाही. या मुलांबरोबरचं वर्ष पुरं करा, प्रशिक्षण आणि तपसाधना करा, मग पुढच्या वर्षीचा निर्णय घ्या. तेव्हा थांबावंसं वाटलं तर खुशाल थांबा. पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाच्या सेवेला ख्रिस्तसभेत रीतसर स्थान दिलं, तेव्हापासून 'पाचारण' (देवाची हाक) हा शब्द आपल्याकडे फार सढळ हाताने वापरला जातो, आणि सोडणारा जणू देवालाच नाही म्हणतो असं वातावरण तयार होतं. तसं नसतं. आपल्या वसईचाच माणूस बघा. संत गोन्सालो गार्सिया इथला, गासचं चर्च त्याच्याच नावाचं. पोरवयात तो जेझुइटांबरोबर जपानला गेला, भाषा शिकला आणि काही वर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं. त्याला जेझुइट व्हायचं होतं, त्यांनी घेतलं नाही. त्याने ते काम सोडलं आणि व्यापार केला, चांगला चालला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला, दुभाषा म्हणून जपानला परतला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर गेला. १८६२ मध्ये संत. मधली व्यापाराची वर्षं कुणी त्याच्या चरित्रातून खोडून टाकलेली नाहीत.

पुस्तकांचं विचारलंत म्हणून सांगते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' टिपांसकट वाचा. पाठाची प्रत म्हणून तेच ठेवा, दुसऱ्या प्रतीला टिपा नकोत. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचे चार भाग आहेत: श्रद्धा, संस्कार, आचरण आणि प्रार्थना. सलग वाचायला घेतलात तर पहिल्याच भागात अडकाल, म्हणून चौथ्यापासून सुरुवात करा. तुमच्या वर्गातल्या मुलांच्या घरी सामवेदी किंवा वाडवळी बोली, शाळेत इंग्रजी आणि मिस्सा मराठीत, त्यामुळे जाड मराठी पुस्तक त्यांच्या हातात टिकत नाही. त्यांच्यासाठी २०११ चं 'यूकॅट', म्हणजे तरुणांसाठीचं धर्मशिक्षणाचं पुस्तक, इंग्रजीत ठेवा, ते प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. शिक्षिका आहात, मे महिन्याची सुट्टी असते, तेव्हा लांब पल्ल्याचं काही करावंसं वाटलं तर बेंगळुरूला १९६७ पासून चालू असलेलं राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण आणि उपासना केंद्र आहे. अभ्यासक्रम आणि तारखा तुमच्या धर्मप्रांताच्या धर्मशिक्षण केंद्रात विचारा, आणि जमल्यास शेजारच्या वर्गातल्या त्या मुलीलाही बरोबर न्या. तिचा खर्च धर्मग्रामाने करावा, असं फादरांना आधीच सांगून ठेवा.